कामगंध सापळ्यांचे आकडे ते भिंतीवरचा आलेख: लॅबप्लॉटमध्ये आलेखाचं रूप कसं ठरवायचं

कपाशीच्या पट्ट्यात ऑगस्ट लागला की कामगंध सापळ्यांची, म्हणजे मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणाऱ्या सापळ्यांची, वही सुरू होते. सकाळी सापळ्याच्या पिशवीत अडकलेले गुलाबी बोंडअळीचे नर पतंग मोजायचे, आकडा लिहायचा, पिशवी रिकामी करायची. वर्धा-यवतमाळकडच्या गावांत हे काम नेमाने करणारे शेतकरी गट आहेत, कृषी शाखेचे विद्यार्थी आहेत, प्रकल्प म्हणून नोंदी ठेवणारी ज्युनिअर कॉलेजची मुलं आहेत. नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेची शिफारस अशी, की सलग तीन रात्री दर सापळ्यामागे ८ किंवा जास्त पतंग आले तर आर्थिक नुकसानीची पातळी गाठली गेली, आता उपाय करायला हवा. वहीतल्या उभ्या रकान्यात ही गोष्ट पटकन डोळ्यांत भरत नाही. आलेखात भरते, पण आलेखाचं रूप विचार करून ठरवलं असेल तरच.

सॉफ्टवेअरनं आपोआप काढून दिलेला आलेख तसाच छापून लावायची पद्धत सगळीकडे आहे. त्यात अक्षरं बारीक, रेघा रंगीत पण झेरॉक्सवर सारख्याच दिसणाऱ्या, तारखा एकमेकींवर चढलेल्या. आकडे गोळा करायला चार महिने घातले, तर ते दिसायला नीट करायला एक संध्याकाळ घालणं काही जास्त नाही. त्या एका संध्याकाळीचं काम इथे क्रमानं सांगतो.

सॉफ्टवेअर लॅबप्लॉट घेतलं आहे. ते केडीई प्रकल्पाचं, मोफत आणि मुक्त स्रोताचं आहे. विंडोज, लिनक्स आणि मॅक तिन्हीवर चालतं. लायसन्सचा प्रश्न येत नाही, त्यामुळे शाळा-कॉलेजच्या जुन्या संगणकावरही बिनधास्त टाकता येतं. एकदा बसवलं की इंटरनेट लागत नाही, हे आपल्याकडे फार कामाचं. मेनूंची नावं इंग्रजीतच दिसतील, म्हणून इथेही तीच देवनागरीत लिहिली आहेत. आवृत्तीनुसार एखादं नाव किंवा जागा थोडी इकडेतिकडे असेल.

आधी कागद, मग रंग

रूप ठरवण्यातली पहिली पायरी रंग किंवा फॉन्ट ही नाही. आलेख कुठे आणि किती अंतरावरून बघितला जाणार, हे आधी ठरवायचं. ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागणार असेल तर माणूस हातभर अंतरावर उभा राहून वाचेल, आणि कागद बहुतेक काळ्या-पांढऱ्या प्रिंटरमधून निघेल. प्रकल्प अहवालात जाणार असेल तर पानाच्या अर्ध्या भागात बसावा लागेल. व्हॉट्सॲपवर जाणार असेल तर तळहाताएवढ्या पडद्यावर उन्हात बघितला जाईल. कृषी मेळाव्यात पडद्यावर दाखवायचा असेल तर मागच्या रांगेतल्या माणसाचा विचार करावा लागेल. या चारही ठिकाणी एकच आलेख चालवायला गेलं की कुठेच धड दिसत नाही.

म्हणून लॅबप्लॉटमध्ये नवी वर्कशीट घेतल्याबरोबर तिचा आकार ठरवा. डावीकडे प्रोजेक्ट एक्सप्लोरर असतो. त्यात प्रकल्पाच्या नावावर राइट क्लिक करून ॲड न्यू, मग वर्कशीट. वर्कशीट निवडली की उजवीकडच्या प्रॉपर्टीज एक्सप्लोररमध्ये तिचे गुणधर्म उघडतात. तिथे साइज या जागी ए-फोर निवडा आणि ओरिएंटेशन आडवं ठेवा. व्ह्यू साइज असा पर्याय दिसेल, तो घेऊ नका. त्यात खिडकी लहान-मोठी केली की आलेखाचं मापही बदलतं आणि कागदावर काय येईल याचा अंदाज राहत नाही. ए-फोर म्हणजे २१० बाय २९७ मिलिमीटर. माप पक्कं असलं की १२ पॉइंटचं अक्षर कागदावरही १२ पॉइंटचंच येतं. पुढचे सगळे आकडे या एका गोष्टीवर उभे आहेत.

जवळच स्केल कंटेंट असा चौकोन आहे. त्यावर खूण असेल तर वर्कशीटचा आकार बदलताना अक्षरं आणि रेघांची जाडीही त्याच प्रमाणात बदलते. ए-फोरचा आलेख तसाच मोठ्या फ्लेक्सवर न्यायचा असेल तर खूण ठेवा. आकार बदलूनही अक्षरं आहे तेवढीच हवी असतील तर काढा.

आकडे आत घेताना

हे थोडक्यात सांगतो, कारण मुद्दा रूपाचा आहे. स्प्रेडशीटमध्ये पहिला रकाना तारखेचा, दुसरा दर सापळ्यामागे सरासरी पतंगांचा. निरीक्षणासाठी हेक्टरी ५ सापळे लावले असतील तर पाचांची सरासरी, आणि जमल्यास तिसऱ्या रकान्यात त्यांचं प्रमाण विचलन, म्हणजे पाच आकडे सरासरीभोवती किती पसरलेत त्याचं माप. आकडे इंग्रजी अंकांत भरा. तारखेचा रकाना डेट अँड टाइम या प्रकारचा करा आणि त्याचं स्वरूप लिहिताना एक काळजी घ्या: महिन्यासाठी एम हे अक्षर कॅपिटल असतं, लहान एम म्हणजे मिनिटं. तेवढ्या एका अक्षरानं सगळा आलेख जानेवारीत जाऊन पडतो आणि कारण शोधत बसावं लागतं.

ज्या दिवशी सापळे मोजलेच नाहीत, त्या दिवसाची जागा रिकामी सोडा. शून्य लिहू नका. पोळ्याच्या दिवशी कुणी शेतात गेलं नाही, म्हणजे त्या रात्री पतंग आले नाहीत असं होत नाही.

दोन्ही रकाने निवडून राइट क्लिक, मग प्लॉट डेटा, आणि त्यात एक्सवाय कर्व्ह. आलेख आपल्या ए-फोर वर्कशीटवर टाका. आता दिसतो तो कच्चा माल.

अक्षांची हद्द

आलेखाच्या चौकटीवर क्लिक केलं की तिच्या गुणधर्मांत आडव्या आणि उभ्या अक्षाच्या रेंजा दिसतात. ऑटो स्केल चालू असतं, म्हणजे आकडे जेवढे तेवढीच हद्द सॉफ्टवेअर घेतं. एकाच आलेखाला हे चालतं. दोन गावांचे आलेख शेजारी लावायचे असतील तर मात्र ते बंदच करावं लागतं. एका गावात जास्तीत जास्त १२ पतंग आले, दुसऱ्यात ५०, आणि दोन्ही आलेख आपापल्या हद्दीत ताणले गेले, तर दोन्ही गावांतला प्रादुर्भाव सारखाच दिसेल. बघणारा उभ्या अक्षावरचे आकडे वाचत नाही, तो रेघेची उंची बघतो. म्हणून सगळ्या गावांना एकच हद्द द्या, उदाहरणार्थ ० ते ६०.

उभा अक्ष शून्यापासून सुरू करायचा की नाही, यावर सरसकट नियम नको. पतंगांची संख्या, पावसाचे मिलिमीटर, क्विंटलमधलं उत्पन्न यांना शून्यापासूनच सुरुवात हवी. स्तंभालेख असेल तर हट्टानं हवी, कारण स्तंभाची लांबी म्हणजेच आकडा असतो. मे महिन्याचं कमाल तापमान रेघेनं दाखवायचं असेल तर ३५ ते ५० अशी हद्द घेतली तरी काही बिघडत नाही. तिथे शून्यापासून सुरू केलं तर चंद्रपूर आणि अकोल्याच्या रेघा वरच्या टोकाला एकमेकींना चिकटून बसतील आणि फरक कळणार नाही.

बोंडअळीच्या आलेखात खरी अडचण वेगळी आहे. हंगामाच्या शेवटी, विशेषतः फरदड (हंगाम संपल्यावरही तशीच ठेवलेली कपाशी) राहिलेल्या शेतांजवळ, पतंगांचा आकडा एकदम चढतो. उभा अक्ष ६० पर्यंत गेला की ८ ची पातळी तळाशी दबते, आणि निर्णय तर तिथेच घ्यायचा असतो. काही जण यावर लॉग स्केल घेतात, ज्यात १, १०, १०० या खुणा समान अंतरावर येतात. मला ते भिंतीवरच्या आलेखासाठी पटत नाही: शून्य पतंगाच्या रात्रीला लॉग स्केलमध्ये जागाच नसते, आणि समान अंतरं समान आकडे दाखवत नाहीत हे प्रत्येकाला समजावून सांगावं लागतं. त्यापेक्षा एकाच कागदावर दोन आलेख घ्या. वर पूर्ण हंगामाचा, ० ते ६०. खाली फक्त मागच्या तीन आठवड्यांचा, ० ते २०. वर्कशीटच्या गुणधर्मांत लेआउट उभा केला की दोन्ही आलेख एकाखाली एक नीट बसतात. खालच्या आलेखाला ‘मागचे २१ दिवस, मोठं करून’ असं शीर्षक द्या. एखादा बिंदू २० च्या वर जात असेल तर त्याचा आकडा तिथेच मजकूर म्हणून लिहा.

हाच दोन आलेखांचा मार्ग पाऊस आणि विहिरीची पाणीपातळी एकत्र दाखवतानाही बरा पडतो. एकाच चौकटीत डावीकडे मिलिमीटर आणि उजवीकडे मीटर घेता येतात, पण दोन अक्षांच्या हद्दी आपण ठरवू तशा रेघा जवळ येतात किंवा लांब जातात, आणि नसलेलं नातं दिसायला लागतं. वर पावसाचे स्तंभ, खाली पाण्याची रेघ, दोन्हींचा तारखांचा अक्ष एकच. पाणी जमिनीखाली मोजतो, म्हणून वेगळा रकाना करून खोली उणे चिन्हानं घ्या. म्हणजे जमीन वर शून्यावर राहील आणि पाणी खाली गेलं की रेघही खालीच जाईल. वरुड-मोर्शीच्या संत्रा बागायतदाराला पाणी खाली गेल्यावर रेघ वर चढलेली दाखवली, तर आलेख उलटाच वाचला जाणार.

खुणा आणि तारखा

आता आडव्या अक्षावर क्लिक करा. अक्षाच्या गुणधर्मांत वेगवेगळे टॅब असतात: शीर्षक, रेघ, खुणा, खुणांखालचे आकडे आणि जाळी. इथे घाई करू नका, आलेखाचं वाचन इथेच सुधारतं.

मोठ्या खुणा सात-सात दिवसांच्या अंतरानं ठेवा आणि त्यांच्या मध्ये रोजच्या लहान खुणा. पातळी ‘सलग तीन रात्रीं’ची आहे, म्हणून बघणाऱ्याला एकेक रात्र वेगळी मोजता आली पाहिजे. महिन्याला एकच खूण असेल तर रेघ ८ च्या वर एक रात्र होती की चार, हे कळायला मार्ग नाही. उलट रोजची तारीख लिहिली तर सगळा अक्ष काळा होतो. तारखेचं स्वरूप आखूड ठेवा, दिवस आणि महिना पुरे. वर्ष शीर्षकात एकदाच येऊ द्या. तारखा तरीही एकमेकींना खेटत असतील तर रोटेशनमध्ये कोन देऊन तिरक्या करता येतात, पण पूर्ण उभ्या करू नका, मान वाकडी करून कुणी वाचत नाही.

खुणांची दिशा बाहेरच्या बाजूला द्या. आत असल्या तर शून्याजवळचे बिंदू आणि खुणा एकमेकांत मिसळतात.

अहवालासाठी आलेख असेल तर आडव्या अक्षावर तारखेऐवजी पेरणीनंतरचे दिवस घेणं चांगलं. एकाची पेरणी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, दुसऱ्याची पाऊस लांबल्यानं जुलैत. पिकाच्या वयावर तुलना करायची तर तारीख कामाची नाही. भिंतीवरच्या आलेखात मात्र तारीखच हवी, कारण शेतकरी ‘दसऱ्याच्या आसपास’ असाच विचार करतो.

जाळीच्या टॅबमध्ये फक्त उभ्या अक्षाच्या मोठ्या खुणांची जाळी चालू ठेवा. रंग फिका राखाडी, जाडी अर्धा पॉइंट. आडव्या अक्षाची जाळी बंद. लहान खुणांची जाळी कधीच नको.

रेघ आणि बिंदू

प्रोजेक्ट एक्सप्लोररमध्ये कर्व्हवर क्लिक केलं की लाइन, सिंबॉल, एरर बार असे टॅब येतात. लाइनमध्ये प्रकार विचारला जातो. सरळ रेघ घ्या. यादीत स्प्लाइनचे पर्याय आहेत, त्यानं रेघ गुळगुळीत आणि दिसायला देखणी होते. पण स्प्लाइन दोन मोजलेल्या बिंदूंच्या मध्ये न मोजलेली वळणं घालते. आज २, उद्या ०, परवा १४ अशी नोंद असेल तर गुळगुळीत रेघ मध्ये शून्याच्याही खाली जाऊ शकते. उणे पतंग कुठल्या सापळ्यात पडत नाहीत. नोंदवहीतल्या आकड्यांना सरळ रेघच शोभते.

तिथेच स्किप गॅप्स नावाचा चौकोन आहे. त्यावर खूण केली तर रिकाम्या दिवसांवरूनही रेघ जोडली जाते. खूण काढून ठेवा. जिथे मोजणी झाली नाही तिथे रेघ तुटलेली दिसू दे. तुटलेली रेघ बघून लोक विचारतात, आणि विचारलेलं चांगलंच.

रेघेची जाडी १ पॉइंट ठेवा. पॉइंट म्हणजे इंचाचा बहात्तरावा भाग, सुमारे ०.३५ मिलिमीटर. बिंदू मात्र ठसठशीत हवेत: ए-फोरवर ५ ते ६ पॉइंटचे भरीव गोल. रेघ बारीक आणि बिंदू ठळक असं ठेवण्याचं कारण असं की मोजणी बिंदूंवर झाली आहे, रेघ फक्त नजरेला एका रात्रीकडून दुसऱ्या रात्रीकडे नेते.

एकापेक्षा जास्त शेतं एका आलेखात असतील तर सिंबॉलचा प्रकार बदला: एकाला भरीव गोल, दुसऱ्याला पोकळ चौकोन, तिसऱ्याला भरीव त्रिकोण. रेघाही एक अखंड, एक तुटक, एक ठिपक्यांची. चौथं शेत त्याच चौकटीत घालू नका, वेगळा आलेख करा. भरीव आणि पोकळ हा फरक झेरॉक्सच्या झेरॉक्सवरही टिकतो, आणि आपल्याकडे कागद तसाच पुढे जातो.

प्रमाण विचलनाचा रकाना असेल तर एरर बारच्या, म्हणजे बिंदूच्या वर-खाली पसारा दाखवणाऱ्या उभ्या रेघेच्या, टॅबमध्ये तो जोडा. तिच्या टोकावरच्या टोपीची (आडव्या रेघेची) रुंदी कमी ठेवा, रेघ अर्ध्या पॉइंटची, आणि आलेखाखाली ओळ लिहा की हे प्रमाण विचलन आहे, प्रमाण त्रुटी नाही. दोन्हींची लांबी वेगळी असते, आणि परीक्षक पहिल्यांदा हेच विचारतात. भिंतीवरच्या आलेखातून एरर बार काढून टाकलेले बरे.

पातळीची रेघ

नव्या आवृत्त्यांत आलेखाच्या चौकटीवर राइट क्लिक करून ॲड न्यूमध्ये रेफरन्स लाइन मिळते. ती आडवी करून ८ वर ठेवा. जाडी दीड पॉइंट, तुटक. रंगीत प्रिंट असेल तर तांबडी, नसेल तर काळीच. खरं काम पुढे आहे: त्या रेघेवरच, उजव्या टोकाला, मजकूर घाला. ‘८ पतंग: सलग ३ रात्री एवढे किंवा जास्त असतील तर सहायक कृषी अधिकाऱ्यांशी बोला’. आलेख लावला की पहिला प्रश्न हमखास येतो, ‘हे लाल रेघ कायची होय गा?’ आणि उत्तर द्यायला आपण दिवसभर भिंतीजवळ उभे नसतो. रेघेचा अर्थ रेघेवरच लिहिलेला असला पाहिजे, कोपऱ्यातल्या सूचीत नाही.

सापळ्यातली ल्युर, म्हणजे पतंगांना ओढणारं वासाचं आमिष, बदलली त्या तारखेला बारीक राखाडी उभी रेघ टाका. नव्या ल्युरचा वास ताजा असतो, त्यामुळे आकडा एकदम वाढला तर ती वाढ पतंगांची की ल्युरची, असा प्रश्न पडतोच. उभी रेघ असली की निदान बघणाऱ्याला शंका घ्यायला जागा राहते.

पावसाच्या आलेखात हीच सोय अतिवृष्टीसाठी वापरता येते: २४ तासांत ६५ मिलिमीटरवर एक आडवी रेघ. महसूल मंडळाची नोंद आणि आपल्या पर्जन्यमापकाची नोंद अशी दोन वेगळ्या रंगांच्या स्तंभांत शेजारी दिसली, की पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार मिळतो. हवामान खात्याचं पावसाचं माप सकाळी साडेआठ ते साडेआठ असं धरतात, तेव्हा आपलीही वेळ तीच ठेवा.

मराठी अक्षरं

लॅबप्लॉट युनिकोड मराठी नीट दाखवतं, जोडाक्षरंही मोडत नाहीत, फक्त फॉन्ट देवनागरीचा निवडायला हवा. मुक्ता किंवा नोटो सान्स देवनागरी हे दोन्ही मोफत आहेत. विंडोजवर निर्मला यूआय आधीपासून असतो. बारीक आकारात जाड-बारीक वळणांचे फॉन्ट टाळा, प्रिंटरमध्ये बारीक वळणं उडून जातात आणि रफार-अनुस्वार हरवतात.

मजकूर टायपिंगवाल्याकडून आणला असेल तर तपासून घ्या. तालुक्याच्या ठिकाणी अजून बरंच काम कृतिदेव किंवा श्रीलिपीत होतं. तो मजकूर इथे चिकटवला की अर्थ नसलेली इंग्रजी अक्षरं दिसतात, कारण तिथे मराठी फक्त फॉन्टच्या चित्रांत असते. असा मजकूर युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर सरळ पुन्हा टाइप करा. आलेखात दहा-बारा ओळींपेक्षा जास्त मजकूर नसतोच.

मजकुराच्या पेटीत साधा मजकूर आणि लाटेक असे पर्याय असतात. मराठीसाठी साधा मजकूर घ्या. लाटेक समीकरणांसाठी उत्तम आहे, पण देवनागरी त्यातून काढायला वेगळी जुळवाजुळव लागते, आणि शीर्षकात समीकरण सहसा नसतं.

आकार असे ठेवा. ए-फोर भिंतीवर: शीर्षक २० पॉइंट, अक्षांची नावं १६, खुणांचे आकडे १४. अहवालात अर्ध्या पानाचा आलेख: १२, १० आणि ९, आठच्या खाली जाऊ नका, देवनागरीत मात्रा आणि वेलांट्यांना वर-खाली जागा लागते. पडद्यावर दाखवायचा असेल तर भिंतीच्या मापांपेक्षा मोठी अक्षरं हवीत, म्हणजे खुणांचे आकडेही १८ च्या वर.

अक्षाच्या नावात एकक हवंच. नुसतं ‘पतंग’ नको, ‘दर सापळ्यामागे एका रात्रीत पतंग’ असं लिहा. शीर्षकात गाव, पीक, हंगामाचं वर्ष. कुणाचं शेत ते नाव घालून लिहू नका, गट क्रमांकही नको. ज्याच्या शेतात आकडा जास्त निघाला त्याच्याकडे बोट दाखवलं गेलं, की पुढच्या वर्षी तो सापळे लावू देत नाही.

लिजंड, म्हणजे कोणती रेघ कशाची ते सांगणारी सूची, आलेखाच्या ॲड न्यूमधून येते. रेघ एकच असेल तर तिची गरज नाही. दोन-तीन असतील तर रेघेच्या शेवटच्या बिंदूशेजारी नाव लिहिणं जास्त बरं, नजर सूचीकडे आणि परत अशी फिरत नाही. सूची ठेवायचीच असेल तर चौकट काढा, पार्श्वभूमी पांढरी ठेवा आणि बिंदू नसलेल्या रिकाम्या कोपऱ्यात सरकवा.

रंग

लाल-हिरवा हा फरक न दिसणारी माणसं प्रत्येक गावात असतात, त्यातही पुरुष जास्त. बऱ्याच जणांना ते स्वतःलाही माहीत नसतं. त्यामुळे ‘हिरवी रेघ सुरक्षित, लाल रेघ धोक्याची’ अशी विभागणी एकट्या रंगावर सोडू नका. जपानी संशोधक मासाताका ओकाबे आणि केई इतो यांनी अशा लोकांनाही वेगळे दिसतील असे रंग सुचवले आहेत, त्यातले तीन आपल्याला पुरतात. रंगाच्या खिडकीत लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे भरता येतात: निळ्यासाठी ०, ११४, १७८, शेंदरी तांबड्यासाठी २१३, ९४, ०, निळसर हिरव्यासाठी ०, १५८, ११५.

थीम नावाचा पर्याय एका क्लिकमध्ये सगळं रूप बदलतो. काळ्या पार्श्वभूमीच्या थीम संगणकावर छान वाटतात, पण छापायला घेतल्या की टोनर संपवतात आणि कागद ओला झाल्यासारखा वळतो. कागदासाठी पांढरी पार्श्वभूमी, काळा मजकूर.

एकदा केलेलं पुन्हा करायला लागू नये म्हणून

चार गावांच्या चार आलेखांना हे सगळं एकेक करून देत बसायचं नाही. प्रोजेक्ट एक्सप्लोररमध्ये कंट्रोल दाबून चारही कर्व्ह निवडा. जाडी एकदा बदलली की चौघांची बदलते. अक्षांचंही तसंच: सगळे आडवे अक्ष एकत्र निवडून फॉन्ट एकदाच द्या.

पुढच्या हंगामासाठी टेम्प्लेट साठवा. गुणधर्मांच्या खिडकीत खालच्या बाजूला टेम्प्लेट उघडण्याची आणि साठवण्याची बटणं असतात. अक्षाचं वेगळं, कर्व्हचं वेगळं, वर्कशीटचं वेगळं असं साठवावं लागतं. नावं अशी द्या की वर्षभरानं दुसऱ्या कुणाला कळतील: ‘भिंत-आडवा-अक्ष’, ‘अहवाल-रेघ’. टेम्प्लेटमध्ये रूप साठतं, आकडे नाही, म्हणून ते दुसऱ्या गावाच्या गटाला निर्धास्त देता येतं. सेटिंग्जमधल्या कॉन्फिगर लॅबप्लॉटमध्ये नव्या वर्कशीटसाठी कायमची थीमही ठरवता येते. त्याचा परिणाम पुढे काढायच्या आलेखांवर होतो, आधी काढलेले आहेत तसेच राहतात. त्याच ठिकाणी ऑटो सेव्ह चालू करून वेळ पाच मिनिटांची करा. लाइन कधी जाईल याचा भरवसा नाही, आणि डेस्कटॉपला बॅटरी नसते.

बाहेर काढणं

वर्कशीट निवडून फाइल मेनूतून एक्स्पोर्ट. छपाईसाठी पीडीएफ घ्या. त्यात फॉन्ट सोबत जातो, त्यामुळे झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकावर मुक्ता नसला तरी अक्षरं बदलत नाहीत. एसव्हीजी फाइल दुसरीकडे उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसेल तर मराठी मजकूर भलत्याच रूपात येतो, म्हणून ती दुकानात देऊ नका.

मोबाइलसाठी पीएनजी, पण भिंतीचीच वर्कशीट तशीच पाठवू नका. तिची नक्कल करून आकार उभा आणि लहान करा, स्केल कंटेंटची खूण काढून. वरचा पूर्ण हंगामाचा आलेख काढून टाका, मागच्या तीन आठवड्यांचाच ठेवा. १५० डीपीआय, म्हणजे इंचाला १५० ठिपके, मोबाइलला पुरतं. छपाईसाठी चित्रच हवं असेल तर ३०० डीपीआय, म्हणजे ए-फोरला २४८० बाय ३५०८ पिक्सेल. व्हॉट्सॲपवर चित्र म्हणून पाठवलं की ते दाबलं जातं आणि बारीक अक्षरं पुसट होतात. डॉक्युमेंट म्हणून पाठवलं तर आहे तसं पोचतं. ग्रुपवर मात्र डॉक्युमेंट उघडायला बरेच जण कंटाळतात, तेव्हा तिथे चित्रच पाठवा आणि अक्षरं आधीच मोठी ठेवा.

छापायला देण्याआधी एक प्रत काळ्या-पांढऱ्यात काढून बघा, आणि ज्यानं हे काम केलेलं नाही अशा माणसाच्या हातात द्या. त्याला दोनच गोष्टी विचारा: पातळी कोणत्या तारखेला ओलांडली, आणि त्यानंतर किती रात्री पतंग वर राहिले. तो बोट ठेवून बरोबर सांगू शकला तर आलेख लावायला हरकत नाही. अडखळला तर बोट कुठे थांबलं ते बघा. बहुतेक वेळा ते तारखांच्या खुणांवर थांबतं, आणि खुणांचं अंतर किंवा अक्षराचा आकार बदलला की काम होतं.

प्रकल्पाची मूळ फाइल, एलएमएल या शेवटाची, पीडीएफसोबत पेन ड्राइव्हवर ठेवा. पुढच्या आठवड्याचे आकडे त्याच स्प्रेडशीटमध्ये खाली भरले की आलेखात नवे बिंदू येतात. अक्षाची हद्द आपण हातानं ठरवली असल्यानं तारखेचं शेवटचं टोक मात्र दर आठवड्याला सात दिवस पुढे सरकवावं लागतं, आणि खालच्या तीन आठवड्यांच्या आलेखाचं सुरुवातीचं टोकही.